‘सिस्टर’ या एका हाकेत किती जणी?

बाबांना डेंग्यू झाला तेव्हा सिव्हिलच्या पुरुष वॉर्डात, त्यांच्या खाटेशेजारच्या लोखंडी स्टुलावर मी पाच रात्री काढल्या. पहिल्या संध्याकाळी ‘सिस्टर’ अशी हाक मारली तर तिघींनी मागं वळून पाहिलं. एक म्हणाली, ‘‘मी स्टुडंट आहे, मॅडमना सांगते.’’ दुसरी म्हणाली, ‘‘अहो, मी मावशी. बेडपॅन हवं असलं तर सांगा.’’ तिसरी काही न बोलता आली, सलाईनच्या नळीसमोर मनगटावरचं घड्याळ धरून थेंब मोजले, चाक किंचित फिरवलं आणि निघून गेली. ही खरी सिस्टर. सरकारी कागदावर हिचं नाव ‘अधिपरिचारिका’.

त्याच रात्री दोनच्या सुमारास ताप १०३ वर गेला. मी गोळी मागितली. सिस्टर केस पेपर उलटून म्हणाल्या, ‘‘रात्रीची गोळी देऊन झालीय. जादा द्यायची तर ऑर्डर हवी, डॉक्टरांना विचारते.’’ माझा पारा चढला. आमच्या कोपऱ्यावरचा मेडिकलवाला न विचारता देतो ती पॅरासिटामॉल, आणि शिकलेल्या नर्सला त्यासाठी परवानगी लागते? त्या वाद घालत बसल्या नाहीत. कोमट पाण्याचं भांडं आणि दोन फडकी माझ्या हातात दिली, काख आणि जांघ कशी पुसायची ते दाखवलं आणि फोन लावायला गेल्या. अंग पुसायला ऑर्डर लागत नाही.

मला राग आला त्याचं एक कारण माझी आत्या होती. ती याच जिल्ह्यात उपकेंद्रावर आरोग्य सेविका होती. आडवाटेच्या वाडीत, कंदिलाच्या उजेडात तिनं बाळंतपणं केली, इंजेक्शनं दिली. विचारायला जवळपास कुणी नव्हतंच. आणि आत्याचं शिक्षण या सिस्टरपेक्षा निम्मं. म्हणजे कमी शिकलेली एकटीनं निर्णय घेते आणि जास्त शिकलेलीला एका गोळीसाठी फोन करावा लागतो. हा उलटा हिशेब कसा काय झाला, हे शोधताना आपल्याकडची परिचर्येची सगळी व्यवस्थाच मला थोडीफार उलगडली. ती इथं सांगतो.

तीन रस्ते

नर्स व्हायचे मुख्य रस्ते तीन आणि तिन्ही बारावीनंतरचे. सगळ्यात आखूड एएनएमचा, म्हणजे ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ: दोन वर्षं, कोणत्याही शाखेची बारावी चालते, आणि प्रवेश मुलींनाच. यातून गावातली आरोग्य सेविका तयार होते. दुसरा जीएनएम, जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी. ही तीन वर्षांची पदविका. सरकारी आणि खासगी वॉर्डांमधल्या कितीतरी सिस्टर याच वाटेनं आलेल्या. तिसरा बीएस्सी नर्सिंग: चार वर्षं, आठ सत्रं, बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवंच. महाराष्ट्रात त्यासाठी राज्य सीईटी कक्षाची वेगळी परीक्षा असते. जीएनएम झालेल्यांना पुढं दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करून पदवी घेता येते. त्याच्यावर दोन वर्षांचं एमएस्सी, ज्यात बालरोग, मानसिक आरोग्य, सामुदायिक आरोग्य अशी एक शाखा निवडायची. मग पीएचडी. जीएनएम आणि बीएस्सीला मुलगेही येतात. त्यांना वॉर्डात ‘ब्रदर’ म्हणतात आणि नातेवाईक त्यांना हमखास डॉक्टर समजतात. बाईला सिस्टर आणि पुरुषाला डॉक्टर समजायची आपली सवय बघता त्यात नवल नाही.

हे तीन रस्ते एकाच वेळी आखले गेले नाहीत, म्हणून ते एकमेकांना नीट जुळतही नाहीत. पदवीचा अभ्यासक्रम १९४६ साली दिल्ली आणि वेल्लोरला सुरू झाला. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचं लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज १९६४ चं. पण स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशापुढचा प्रश्न पदवीधर नर्सचा नव्हताच. खेड्यात बाळंतपणात बायका मरत होत्या आणि तिथं जाणारं प्रशिक्षित माणूस नव्हतं. लवकर तयार होईल आणि गावात राहील अशी कार्यकर्ती हवी होती. पन्नासच्या दशकात एएनएम जन्माला आली ती या घाईतून. तिचं मुख्य काम सुईणपण. पुढं १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीनं तिला ‘बहुउद्देशीय’ करायला सांगितलं. त्यानंतर कुटुंब नियोजन, लसीकरण, हिवताप, सर्वेक्षण असं एकेक ओझं तिच्या डोक्यावर चढत गेलं, आणि गंमत अशी की कामं वाढत असताना अभ्यासक्रम मात्र दोन वर्षांवरून दीड वर्षावर आणला गेला. आता तो पुन्हा दोन वर्षांचा आहे. आत्या त्या दीड वर्षाच्या काळातली.

प्रमाणपत्र आणि नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी

आरोग्य हा आपल्या राज्यघटनेत राज्यांचा विषय. त्यामुळे इथं प्रत्येक दोरीचं टोक वेगळ्याच्या हातात आहे. अभ्यासक्रमात काय असावं, शिक्षक किती असावेत हे ठरवते दिल्लीची भारतीय परिचर्या परिषद. ती १९४७ च्या कायद्यानं झाली. परीक्षा घेतं दुसरंच कुणी: बीएस्सीची नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, एएनएम-जीएनएमची राज्याचं वेगळं मंडळ. पास झाल्यावर नोंदणी करायची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडं, जी १९६६ च्या राज्याच्या कायद्याखाली चालते. या नोंदणीशिवाय पदवी भिंतीवर लावण्यापुरतीच. नोंदणी झाली की नावापुढं ‘आरएन, आरएम’ लागतं, म्हणजे नोंदणीकृत परिचारिका आणि नोंदणीकृत प्रसविका, दोन्ही. आपल्याकडं जीएनएम किंवा बीएस्सी झालेली प्रत्येक नर्स कागदावर सुईणही असते, मग तिनं पुढची वीस वर्षं फक्त हाडांच्या वॉर्डात का काढेना.

ही नोंदणी जन्मभराची नसते. पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि त्यासाठी मधल्या काळात ठरावीक तासांचं पुढचं शिक्षण, ज्याला त्या ‘सीएनई’ म्हणतात. रजा घेऊन, पदरचे पैसे भरून कार्यशाळेला बसायचं आणि पॉइंट गोळा करायचे. काही कार्यशाळा उत्तम असतात. काहींत चहा उत्तम असतो.

२०२३ मध्ये संसदेनं राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसविका आयोगाचा कायदा मंजूर केला. १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठीच तो आणला आहे. देशभर एकसारखी प्रवेश प्रक्रिया, देशाची एकच नोंदवही, नोंदणीशिवाय काम केल्यास शिक्षा, असं बरंच त्यात आहे.

इथं एक सावधगिरीची गोष्ट, विशेषतः दहावी-बारावीच्या मुलींच्या आईवडिलांसाठी. तालुक्याच्या एसटी स्टँडवर ‘सहा महिन्यांत नर्स व्हा’, ‘एक वर्षाचा नर्सिंग कोर्स, शंभर टक्के नोकरी’ अशा पाट्या दिसतात. त्या कोर्समधून रुग्ण-सहायक होता येतं. ते काम प्रामाणिक आणि गरजेचं आहे, पण परिचर्या परिषद त्या प्रमाणपत्रावर नोंदणी करत नाही. म्हणजे ती मुलगी कायद्यानं नर्स नाही आणि पुढं कधी त्या जोरावर होणारही नाही. फी भरण्याआधी दोन प्रश्न विचारायचे. कॉलेजचं नाव परिषदेच्या मान्यता यादीत यंदाच्या वर्षासाठी आहे का? आणि कॉलेजचं स्वतःचं रुग्णालय कुठं आहे, त्यात माणसं खरोखर भरती असतात का? नियमानं बीएस्सी कॉलेजला किमान १०० खाटांचं पालक रुग्णालय लागतं. मध्य प्रदेशात उच्च न्यायालयाच्या आदेशावरून सीबीआयला शेकडो नर्सिंग कॉलेजं तपासावी लागली, त्यात हाच प्रश्न होता: कागदावरचं कॉलेज आणि कागदावरच्या खाटा.

चादर घालायला चार वर्षं?

नर्सिंगच्या मुलींना घरचे लोक चिडवतात की पहिलं वर्षभर तुम्ही चादरीच घालता. घालतात, खरंय. शरीररचना, शरीरक्रिया, पोषण, मानसशास्त्र या विषयांबरोबर पहिल्या वर्षीच वॉर्डाचं पोस्टिंग सुरू होतं आणि पहिला धडा खाटेचा. चादरीची एक वळी, एक ओला कोपरा, आणि त्यावर आठवडाभर एकाच कुशीवर पडलेला लकवा झालेला म्हातारा. माकडहाडावरची, टाचेवरची कातडी हाड आणि गादी यांच्यात चेंगरते, रक्त पोचत नाही, आधी लाली, मग फोड, मग हाडापर्यंत खड्डा. याला आपण शय्याव्रण म्हणतो, वॉर्डात ‘बेडसोअर’. डॉक्टरच्या औषधानं तो टळत नाही. टळतो तो दर दोन तासांनी कूस बदलल्यानं, कातडी कोरडी ठेवल्यानं, पोटात प्रथिनं गेल्यानं. कुणाला धोका जास्त हे ठरवायला गुण देण्याची पद्धत आहे: ओलावा, हालचाल, खाणं, संवेदना असे सहा मुद्दे, आणि बेरीज जितकी कमी तितका धोका जास्त.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ ला हल्ला झाला. त्यानंतर १८ मे २०१५ ला त्या गेल्या तोवर सुमारे ४२ वर्षं त्याच रुग्णालयातल्या नर्सच्या पिढ्यांनी त्यांचं सगळं केलं. त्या प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं दयामरणावर निकाल दिला म्हणून ते देशाला ठाऊक आहे. पण नर्स मंडळी त्यातली वेगळीच गोष्ट सांगतात. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या त्या देहावर एकही शय्याव्रण नव्हता. परिचर्या म्हणजे काय, याचं याहून नेमकं उदाहरण मला माहीत नाही.

चादरीनंतर औषधं. गोळी देताना पाच गोष्टी जुळवून बघायच्या: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. वाचायला बाळबोध वाटतं. पण आमच्या वॉर्डात त्या आठवड्यात एकाच आडनावाचे तीन पाटील भरती होते आणि त्यातल्या दोघांचं नावही एकच. सिस्टर दर वेळी बाबांना पूर्ण नाव विचारायच्या आणि बाबा दर वेळी वैतागायचे, ‘‘सकाळपासून चौथ्यांदा सांगतोय!’’ चौथ्यांदा विचारलं म्हणूनच शेजारच्याचं इन्सुलिन यांना टोचलं गेलं नाही, हे मला नंतर कळलं.

आणि ते घड्याळ बघून थेंब मोजणं? त्यात गणित आहे. साध्या सलाईन सेटमधून २० थेंब पडले की एक मिलिलिटर जातं. ५०० मिलीची बाटली चार तासांत द्यायची तर एकूण १०,००० थेंब, मिनिटं २४०, म्हणजे मिनिटाला साधारण ४२. पंप असलेल्या आयसीयूत यंत्र हे करतं. जनरल वॉर्डात पंप नाही, तिथं सिस्टरचं घड्याळ हाच पंप. रुग्णानं हात वाकवला की वेग बदलतो, आणि काळजीपोटी नातेवाइकानं स्वतःच चाक फिरवलं तर हृदयाच्या रुग्णाच्या फुप्फुसात पाणी साचू शकतं. मी एकदा हात लावला होता. त्यावर मला जे ऐकावं लागलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

ताप उतरला त्या दिवशी

चौथ्या दिवशी सकाळी बाबांचा ताप गेला. आम्ही खूश. घरी फोन झाले, प्लेटलेट किती आल्या याची चर्चा झाली, कुणीतरी पपईच्या पानांचा रस घेऊन आलं. सिस्टर मात्र त्या दिवशी जास्त फेऱ्या मारायला लागल्या. आधी चार-चार तासांनी घेत होत्या ते बीपी आता तासातासाला. लघवी बाटलीत धरून ठेवायला सांगितली आणि मिलीमध्ये लिहून घेतली. दुपारी बीपी आलं १०० आणि ८०. मला तो आकडा ठीक वाटला, वरचा शंभर म्हणजे फार कमी नाही. त्यांनी फोन उचलला आणि पाच मिनिटांत डॉक्टर खाटेशी होते.

मी नंतर विचारलं तेव्हा त्यांनी समजावलं. डेंग्यूत खरा धोका ताप उतरतो तेव्हाचा, कारण त्याच सुमारास रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपायला लागतं. बीपीचे दोन आकडे असतात, त्यांच्यातलं अंतर बघायचं. निरोगी माणसाचं १२०-८०, म्हणजे अंतर ४०. ते २० वर आलं की शरीर शॉककडं, म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त न पोचण्याकडं निघालंय असं समजायचं, वरचा आकडा अजून ठीक दिसत असला तरी. लघवीचाही असाच हिशेब: वजनाच्या किलोमागं तासाला अर्धा मिली तरी हवी, म्हणजे साठ किलोच्या माणसाला तीस मिली. ‘‘तुम्ही सगळे प्लेटलेट विचारता,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आम्ही लघवी बघतो.’’

सलाईन वाढवलं, संध्याकाळपर्यंत अंतर परत तीसच्या वर गेलं. रोगाचं नाव डॉक्टरांनी लिहिलं होतं आणि सलाईन वाढवायची ऑर्डरही त्यांचीच. पण हे वळण कोणी पकडलं? डॉक्टर दिवसातून दोनदा राऊंडला येतात, दहा मिनिटं थांबतात. उरलेला वेळ रुग्ण नर्सच्या नजरेखाली असतो. चार वर्षांच्या अभ्यासाचा मोठा भाग याच्यासाठी आहे: काय बदललं ते ओळखायचं, किती बदललं ते लिहायचं आणि कधी हाक मारायची ते ठरवायचं. निदान आणि औषध लिहिणं कायद्यानं डॉक्टरचं. त्यामुळे पहिल्या रात्री त्यांनी मला गोळी दिली नाही यात त्यांचं अज्ञान नव्हतं. काही रुग्णालयांत ताप, उलटी, वेदना यांसाठी आधीच लिहून ठेवलेल्या स्थायी सूचना असतात, त्या चौकटीत नर्स स्वतः औषध देऊ शकते. जिथं त्या नाहीत तिथं फोन.

उपकेंद्रावर फोन कुणाला करणार?

आता आत्याकडं. सपाट भागात साधारण ५,००० लोकवस्तीला एक उपकेंद्र, डोंगराळ आणि आदिवासी भागात ३,००० ला. अशा उपकेंद्रांच्या वर प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथं डॉक्टर. पण डॉक्टर दहा-पंधरा किलोमीटरवर आणि मधे ओढा. बाई बाळंत झाली आणि रक्त थांबत नाही, तर ऑर्डरची वाट बघत बसायला मिनिटं नसतात. म्हणून सरकारनं उलट वाट धरली. सगळं शिकवणं शक्य नाही, तर थोडकं, नेमकं आणि जीव वाचवणारं शिकवायचं आणि त्यापुरता अधिकार लेखी द्यायचा. २०१० च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये एएनएमला हे अधिकार आहेत. बाळ जन्मल्यावर मिनिटभरात ऑक्सिटोसिनची १० युनिट मांडीत द्यायची, गर्भाशय आवळतं आणि रक्त थांबतं. गरोदर बाईला झटके आले तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम खोलवर, आणि मग गाडीत घालून पुढं. याचं प्रशिक्षण २१ दिवसांचं. त्यापलीकडं मात्र पाऊल टाकायचं नाही.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला इथं मिळालं. अधिकार शिक्षणाच्या प्रमाणात वाटलेलेच नाहीत. ते डॉक्टर किती लांब आहे यावर वाटलेले आहेत.

आत्याच्या कामात बाळंतपणं शेवटी शेवटी कमी झाली, कारण बायका दवाखान्यात जाऊ लागल्या आणि गाडी मिळू लागली. लसीकरण वाढलं. तिच्याबरोबर मी लहानपणी एकदा सत्राला गेलो होतो, अंगणवाडीच्या ओसरीवर. निळी पेटी, आत बर्फाच्या पिशव्या. अलीकडं पुन्हा एका सत्राला थांबून नीट पाहिलं. लसीच्या बाटलीवर एक गोल असतो आणि त्यात फिकट चौकोन. उष्णता लागत गेली की चौकोन गडद होत जातो. गोलाच्या रंगाचा झाला की बाटली बाद. बीसीजी आणि गोवर-रुबेलाची पूड द्रावणात मिसळली की चार तासांत वापरायची, नाहीतर टाकायची. म्हणून सेविका बाटलीवर उघडल्याची वेळ लिहिते. त्या दिवशी ‘१०.२०’ लिहिलं होतं. दुपारी अडीचला एक बाई धावत आली, शेतावरून उशीर झाला म्हणाली. बाटलीत लस दिसत होती. सेविकेनं ती दिली नाही. नवी बाटली फोडली, एकाच बाळासाठी, आणि नोंदवहीत दोन ओळी जादा लिहिल्या.

२०१८ च्या आयुष्मान भारत योजनेनंतर उपकेंद्रावर आणखी एक माणूस आलं: समुदाय आरोग्य अधिकारी. बीएस्सी नर्सिंग, जीएनएम किंवा आयुर्वेदाची पदवी आणि त्यावर सामुदायिक आरोग्याचं सहा महिन्यांचं प्रशिक्षण. महाराष्ट्रात या पदांवर आयुर्वेदवालेही बरेच आहेत. तिशीपुढच्या सगळ्यांचं बीपी, साखर आणि तोंड, स्तन, गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी, नेहमीची औषधं देणं, गरज पडली तर ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्ला सेवेवरून डॉक्टरशी रुग्णाचं बोलणं करून देणं, अशी कामं. नर्सला ‘डॉक्टरच्या हाताखालची’ या खान्यातून काढून थोडी मोकळीक देणारी ही पहिली मोठी सरकारी पायरी म्हणता येईल. प्रसूतीच्या बाजूनं २०१८ मध्येच दुसरी पायरी आली: जीएनएम किंवा बीएस्सी झालेल्यांसाठी मिडवाइफरीतल्या नर्स प्रॅक्टिशनरचं १८ महिन्यांचं प्रशिक्षण, ज्यातून अडचण नसलेली बाळंतपणं त्या पूर्णपणे स्वतः सांभाळतील. गाडी हळू चालली आहे, पण रुळावर आहे.

एका जागेला किती माणसं?

‘इतक्या खाटांना एक नर्स’ असे आकडे आपण वाचतो. परिचर्या परिषदेचं मानक जनरल वॉर्डासाठी शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन खाटांना एक आणि इतरत्र पाच खाटांना एक, शिवाय रजेसाठी ३० टक्के जादा. हे वाचून माणूस म्हणतो, छान आहे की! पण आकडा ऐकला की विचारायचं: हा एका पाळीचा की एकूण नेमणुकांचा? कारण वॉर्ड कधी बंद होत नाही. आठवड्याच्या पाळ्या २१. एक नर्स आठवड्याला सहा करते. म्हणजे एकच जागा चोवीस तास भरलेली ठेवायला साडेतीन माणसं, आणि रजा, आजारपण, बाळंतपणाची रजा, प्रशिक्षण धरलं तर साडेचार ते पाच. तीस खाटांच्या वॉर्डाला दहा जणी नेमल्या तर रात्री दोनच दिसतात ते असं. आमच्या वॉर्डात एकच होत्या, आणि खाटांपेक्षा रुग्ण जास्त.

देशातल्या नोंदवह्यांत ३३ लाखांहून जास्त परिचर्या कर्मचारी आहेत. या आकड्यावरही जरा थांबायला हवं. यातली किती जणं निवृत्त झाली, किती लग्नानंतर घरी बसली, किती आखातात आणि इंग्लंडात आहेत, हे त्या नोंदवहीवरून कळत नाही. २०२३ मध्ये केंद्रानं वैद्यकीय महाविद्यालयांशेजारी १५७ नवी नर्सिंग कॉलेजं मंजूर केली. त्यातून वर्षाला १५,७०० च्या आसपास पदवीधर यावेत. पण शिकलेल्यांची पदं भरली जात नसतील तर त्या जाणार कुठं?

पगारात तर जमीन-अस्मानाचा फरक. केंद्राच्या रुग्णालयात नर्सिंग ऑफिसरचं मूळ वेतन ४४,९०० पासून, महाराष्ट्र सरकारच्या अधिपरिचारिकेचं ३५,४०० पासून. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी बहिणींना तेच काम करून मानधन बरंच कमी, आणि करार दर वर्षी पुढं ढकलायचा. उपकेंद्रावर शेजारी बसणाऱ्या दोन आरोग्य सेविकांपैकी एक जिल्हा परिषदेची कायम आणि दुसरी कंत्राटी, हे चित्र नेहमीचं. खासगीत त्याहून वाईट. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशावरून नेमलेल्या समितीनं ५० खाटांहून लहान खासगी रुग्णालयातही २०,००० पेक्षा कमी पगार नको, आणि २०० खाटांवरच्या रुग्णालयांनी सरकारी पगाराशी बरोबरी करावी असं सुचवलं. सुचवलं, इतकंच. परदेशी जाण्याची ओढ का आहे, याचं उत्तर इथं आहे. केरळच्या मुली हे आधीपासून करत आल्या. आता महाराष्ट्रानंही २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, ज्यात नर्स आहेत. तिथं जायला आधी जर्मन भाषेची परीक्षा, आणि मग आपली पदवी तिथल्या निकषांशी जुळवून घ्यायची.

वॉर्डातल्या पायऱ्याही ओळखून ठेवा, तक्रार कुणाकडं करायची ते कळतं. अधिपरिचारिकेच्या वर परिसेविका, म्हणजे वॉर्डाच्या ‘इन्चार्ज सिस्टर’. चाव्या, औषधांचा इंडेंट म्हणजे मागणीपत्र, ड्यूटीचा तक्ता त्यांच्याकडं. त्यांच्या वर सहायक अधिसेविका आणि सगळ्यात वर अधिसेविका, जिला सगळे अजून ‘मेट्रन’च म्हणतात. हाताखालच्या मावशी आणि वॉर्डबॉय नर्सिंगच्या प्रशिक्षणातले नाहीत. त्यांनी कधी सुई लावायला घेतली तर नम्रपणे थांबवा.

बाबांना सोडलं त्या सकाळी आठला रात्रपाळी संपत होती. रात्रीच्या सिस्टर आणि सकाळच्या सिस्टर वही घेऊन खाटेखाटेपाशी थांबत होत्या. आमच्यापाशी आल्या. ‘‘अकरा नंबर, डेंग्यू, सातवा दिवस, अठ्ठेचाळीस तास ताप नाही. बीपी ११८-७६. रात्रीची लघवी ७०० मिली. जेवले, जिना चढून आले. आज डिस्चार्ज, कागद तयार करायचेत.’’ मग बारा नंबर. मग तेरा, तो रात्री नवा आलेला, त्याच्यापाशी बराच वेळ लागला. आम्ही पिशव्या भरून खाली रिक्षात बसलो तेव्हा नऊ वाजून गेले होते, आणि रात्रपाळीच्या सिस्टर अजून स्टँडशी उभ्या राहून कुठल्याशा कागदावर सही करत होत्या.